रुपीबाईची रिकामी चाल

रुपीबाईचे गुडघे वाजत. आता म्हातारपणी गुडघे कोणाचे वाजत नाहीत? पण हिचे असे वाजत का ती सकाळी बाजेवरून उठली म्हणजे तांड्यातले कुत्रे भुंकत, कोंबडा इसरून दुसऱ्यांदा आरवे, अन् बाभुळगावच्या रस्त्यानं जाणारा गाडीवाला खाली उतरून आपल्या गाडीचा आस पाहे, मोडला का काय म्हणून.

हे गुडघे पयल्यापासून असे नव्हते. लदेणीच्या दिवसात, म्हणजे तांडा बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडे तेव्हा, रुपीबाईच्या डोक्यावर हंडा, काखेत लेकरू अन् हातात काठी असे, अन् बैल तिच्या मागं पळत. तिचंच सांगणं का तिचा पोरगा अमरसिंग दोन मुक्कामांच्या मधात झाला, अन् त्याले फडक्यात बांधून तिनं दिवस मावळाच्या आत बैल गाठले. कधी सांगताना ती बैलांच्याही पुढं जाऊन मुक्कामाले पोचे अन् भाकरी टाकून बसे. किती पुढं जायचं ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं पाहून ठरे.

अन् सारी जिंदगी चालताना तिच्या मनात एकच होतं, का एक दिवस बसावं.

मंग तांडा बसला. वावरं आली, कुडाची घरं झाली, बैल ओझ्याचे होते ते नांगराचे झाले. सून आली, बसंतीबाई. सुनेनं जातं घेतलं, चूल घेतली, पाणी घेतलं. रुपीबाईनं बाज घेतली. अंगणात बाज टाकून ती अशी मन लावून बसली का तिच्या गुडघ्यांनीही ते मनावर घेतलं. वाकले तसे वाकूनच राह्यले. जे सारी उमर मागितलं ते देवानं दिलं, फक्त त्यातून उठाची सोय ठेवली नाही.

नवा महाराष्ट्र झाला त्या सालच्या दिवाळीत बसंतीबाईले पोरगा झाला. तांड्यात नव्या पोराची धुंड, म्हणजे त्याचा सोहळा, होळीले राह्यते. धुलीच्या, म्हणजे धुळवडीच्या, दिवशी त्याच्या दारापुढं दोन खुंटे गाडतात, खुंट्याइले गोड पुऱ्यांचा हंडा बांधतात, अन् बाया काठ्या घेऊन हंड्याभवती उभ्या राह्यतात. माणसं हंडा पळवाले येतात, बाया त्याइले झोडपतात. हंड्याच्या अगदी जवळ पोराची आजी उभी राह्यते. माणसांनी पुऱ्या खाल्ल्या तं पोराच्या घरची सालभर थट्टा. रुपीबाईनं आजवर तांड्यातल्या कितीक पोरांचे हंडे राखले होते, अन् तिच्या काठीपुढून एकही हंडा गेला नव्हता. अन् आता तिच्या सोताच्या नातवाची पाळी आली, तं तिले उभं राह्यता येईना.

तिचा देर फुलसिंग, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, धावजी नायकाचा, धाकटा भाऊ, रोज चिलमीले इस्तवाचा निखारा मागाले येई. एक दिवस इस्तव घेतला, बाजेकडं पाह्यलं, अन् म्हणे, "भोजाई, औंदा हंडा बाजेलेच बांधू का? तुले बसल्या बसल्या राखता येईन."

"तू तुही कंबर पाह्य आधी," रुपीबाई म्हणे. "काल जमना तुह्या जोड्यात तुहा पाय घालून देत होती, सारा तांडा पाहून राह्यला होता."

"माही कंबर गेली तं गेली. मले हंडा राखाचा नाही ना."

मागून त्याची बायको जमनाबाई आली. तिचा आवाज लय गोड, जखमेवर गूळ लावल्यासारखा. "नाही जमलं तं राहू दे वं बाई. मी उभी राह्यतो ना तुह्या जागी. चुलत आजीच तं हाओ मी."

 त्याच दिवशी रुपीबाईनं पोराले सांगितलं, "अमरसिंग, गाडी जुंप. मले कळंबच्या डागदराकडं ने."

कळंबले नवा डागदर आला होता. पुण्याकडचा, लय सुद्द बोले. त्यानं गुडघे दाबले, वाकवले, कान देऊन ऐकले, अन् म्हणाला, "आजी, हाडं थोडी झिजली आहेत, ते वयामुळं. पण त्याहून जास्त बसून बसून आखडली आहेत. गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे चालणं. रोज सकाळी चालायचं. एकही दिवस चुकवायचा नाही."

"कुठी जाचं?"

"कुठंच नाही. घरून निघायचं, थोडं लांब जायचं, परत घरी यायचं."

रुपीबाईनं अमरसिंगकडं पाह्यलं. हा माणूस ठिकाणावर आहे ना, असं. मंग डागदराले इचारलं, "घरीच याचं तं मंग जाचं कायले?"

"चालण्यासाठी."

"संग काय न्यावं?"

"काही नाही. रिकाम्या हातानं, आरामात. आणि घरी उंच जागी बसून एकेक पाय समोर सरळ उचलायचा, जरा वेळ तसाच धरायचा, मग हळूच खाली. हेसुद्धा रोज."

  परतीच्या रस्त्यानं तांडा दिसाले लागला तेव्हा रुपीबाई गाडीत बोलली.

"त्या डागदराच्या घरी कोनी मेलं का रे?"

"काहून वं याडी?" अमरसिंगनं मायले इचारलं.

"मंग रिकाम्या हातानं चालाले काहून सांगते? मसनातून येनारा मानूस रिकाम्या हातानं चालते. नाही तं चोर, ज्याले काही भेटलं नाही तो. नाही तं भांडून निघालेली बाई. यातली मी कोनती हाओ?"

"तू चौथी," अमरसिंग म्हणे. "गुडघे दुखनारी."

दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवला, अन् म्हातारी काठी टेकत निघाली. ना डोक्यावर काही, ना काखेत काही. उघड्या अंगानं निघाल्यावानी तिले लाज वाटून राह्यली होती. चिचेच्या झाडाकडं जाणारी वाट फुलसिंगच्या दारावरून जाय. जमनाबाई शेण गोळा करत होती. तिनं वर पाह्यलं, अन् हातातलं शेण खाली पडलं.

"भोजाई! कुठी निघाली वं रिकाम्या हातानं?"

"कुठी नाही. चालून राह्यली," रुपीबाई म्हणे.

एवढंच म्हणाली ती. पण जमनाबाईनं त्यातलं एकच ऐकलं. "चालली!" तिनं हंबरडा फोडला. "चालली वं बाई! मोठी भोजाई आमाले सोडून चालली!" अन् तिनं येऊन गळ्यात मिठी मारली.

आता तांड्याची रीत अशी का बाई परगावी जाले निघाली नाही तं परगावाहून आली, का तिले गळ्याशी धरून रडा लागते. अन् ते रडणं चालीवर असते. एकीनं रडत रडत नाव घेतलं का दुसरीनं तिच्या नावानं जबाब द्यावा, मधात सोडता येत नाही. जमनाबाईचा सूर ऐकून शेजारची बिजलीबाई धावली, तिच्या मागून अख्खी आळी. एकेक बाई येई अन् गळ्यात पडे.

"अवं, मी चालाले निघाली!" रुपीबाई ओरडे.

"हो वं माय, चालाले निघाली, कोनी बी आडवत नाही वं हिले!" बाया रडत.

काय करन बिचारी? तीही रडली. आधी रीत म्हणून रडली, मंग तिले आपली मेलेली माय आठवली, मंग लदेणीतला पांढरा बैल आठवला, अन् मंग ती अशी रडली का बिजलीबाई आपलं रडणं थांबवून ऐकत राह्यली. खरं सांगाचं तं तिले बरं वाटलं. दोन सालात तिच्या गळ्यात पडून कोणी इतकं रडलं नव्हतं.

तेवढ्यात पिठाच्या हातानं बसंतीबाई बाहेर आली. "कोन मेलं?" तिनं इचारलं. साऱ्या बायांनी रडणं थांबवलं अन् तिच्याकडं अशी नजर टाकली का तिले समजलं, मेलं कोणी नाही, सासूले हाकललं आहे, अन् ते हिनंच.

 त्या दिवशी भाकरी थापताना बसंतीबाईचा हात लय जोरानं पडे. संध्याकाळी म्हणे, "याडी, चालाचं असन तं चाल. पन माही इज्जत घेऊन चालू नको. हातात काही धर."

रुपीबाईले ते पटलं. वझं असलं का चालणं चालण्यासारखं दिसते. पण वझं उचलाची ताकद कुठी होती? तिनं एक पोतं घेतलं, त्यात कुटार भरलं. जवारीचं कुटार, फुगाले मोठं अन् वजनाले काही नाही. दोरीनं तोंड बांधून डोक्यावर घेतलं, अन् निघाली. जमनाबाईनं पाह्यलं, मान डोलावली, शेण गोळा करत राह्यली. वझ्याखालच्या बाईले काय इचाराचं?

चिचेचं झाड बळीरामच्या वावरात होतं. बळीराम बाजूच्या वस्तीवरचा. त्याच्या वस्तीनं बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून तो कोणत्याही गोष्टीले आधी 'काहून' इचारे. म्हातारी पोतं घेऊन आली, झाडाखाली टेकली, दम खाल्ला, पोतं उचललं अन् आल्या वाटेनं निघाली. बळीराम धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, पाहून राह्यला होता.

"आजी, काय आहे पोत्यात?"

"माल."

"मंग परत काहून नेता?"

"भाव नाही भेटला."

"इथं कोनाले इचारला भाव? चिचेले?"

"चिच आजकाल लय ताठली बापा," रुपीबाई म्हणे, अन् चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तोच माल, तीच चिच. बळीराम दुरूनच ओरडे, "आजी, आज तरी सौदा झाला का?" अन् म्हातारी सांगे, "उद्याची बोली आहे." पयले पयले तिले वाटेत तीन जागी बसा लागे. पुढं दोन जागी. मंग ती फक्त चिचेखाली बसे, तेही बळीरामशी चार गोष्टी कराले. एक दिवस मातर तिचा अंगठा ठेचला, अन् त्या निमित्तानं ती घरी राह्यली. दुसऱ्या दिवशी गुडघे असे आखडले का तिनं डागदराले शिव्या देत देत पोतं उचललं. ज्याच्या खरेपणावर राग येते त्याले शिव्या देणं सोपं पडते.

चालून आलं का बाजेच्या काठावर बसून पाय उचलणं. हे तिले फार आवडलं, कारण त्याच्यातून भलतीच गोष्ट निघाली. ती पाय समोर सरळ उचलून धरे, अन् अंगणात जो कोणी येई त्याले वाटे, म्हातारीनं पाया पडाले पाय पुढं केला. नाही कसं म्हणावं? येई तो वाके. पोस्टमन वाकला. अमरसिंगचं बी-बियाणं घेऊन आलेला सरकारी माणूसही वाकला, टोपी सांभाळत.

फुलसिंग तं दिवसातून चारदा इस्तव मागाले येई. मोठ्या भोजाईचा पाय समोर आला अन् देर वाकला नाही, असं तांड्यात होत नाही. तो कण्हत कण्हत वाके. रुपीबाईले पाय जरा वेळ धराचा असे, तिचा आशीर्वाद लवकर येतच नसे. फुलसिंग वाकलेला तो वाकलेलाच.

"भोजाई, झालं का?"

"थांब. मोठा आशीर्वाद दिऊन राह्यली."

फुलसिंगच्या डोक्यात तेव्हापासून किडा शिरला. म्हातारी रोज पोतं घेऊन जाते अन् तेच पोतं परत आणते. होळी जवळ आली. हिच्या मनात काही तरी आहे. जमनाबाईले त्यानं सांगितलं, "त्या पोत्यात काठ्या असतीन. चिचेखाली जाऊन कोन्याकडून तरी काठी फिरवाचा नवा हात शिकून राह्यली ती."

"मंग पाह्य ना जाऊन," जमनाबाई म्हणे.

अन् फुलसिंग तिच्या मागं मागं जाऊ लागला. म्हातारी वाटेनं, अन् हा बाजूच्या पऱ्हाटीतून. कापूस वेचला होता, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, माणसाले लपाचं तं गुडघ्यात वाकून चाला लागे. तिनं मागं पाह्यलं का हा खाली बसे, ती निघाली का उठे. बसे, उठे, वाके, सरके. रोज. चिचेखाली त्याले काही दिसत नसे, फक्त म्हातारी अन् बळीराम हासताना दिसत, अन् त्यानं त्याचा संशय अजून वाढे. बळीरामले मातर पऱ्हाटीतलं फुलसिंगचं लाल पागोटं रोज दिसे. पण त्यानं सांगितलं नाही. इतक्या दिवसांनी फुकटात काही तरी पाह्याले भेटलं होतं.

अन् जमनाबाईच्याही ध्यानात आलं नाही का आजकाल आपला नवरा आपले जोडे आपण घालून राह्यला.

होळी झाली, धुलीचा दिवस उजाडला. अमरसिंगच्या दारापुढं खुंटे गाडले, हंडा बांधला. तांड्यातल्या बाया नवे फेटिया घागरे घालून, काठ्या घेऊन जमल्या. जमनाबाई सगळ्याइच्या पुढं, हंड्याले पाठ लावून उभी. म्हणे, "म्हटलं तरास नको भोजाईले."

रुपीबाई बाजेवरून उठली. गुडघे वाजले, पण फोडणीत मोहरी तडतडावी तेवढेच. कुत्र्यांनी मान वर केली अन् परत खाली टाकली. ती चालत गेली, जमनाबाईच्या खांद्यावर हात ठेवला, अन् तिले बाजूले सारलं.

"जाय. तिकडं उभी राह्य. हे माह्या नातवाचं आहे."

रुपीबाईच्या नवऱ्यानं, धावजीनं, तांड्याचा नायक म्हणून हात वर केला, अन् डफ वाजले. माणसं आली. पयला अमरसिंगच आला, पोराचा बाप, त्याले मायच्या हातचा पयला फटका. मंग बाकीचे. काठ्या अशा फिरत होत्या का वरून कावळा गेला तं त्याच्याही शेपटीले लागलं असतं. रुपीबाई हंड्याजवळ तिसरा खुंटा होऊन उभी. माणसं मागं हटली. कोणी खांदा चोळे, कोणी पाठ. बायांनी किलकारी मारली.

अन् तेव्हा फुलसिंग आला. इतकी सालं तो लांबून नुसता ओरडे. म्हणून त्याच्याकडं कोणाचं ध्यानच नव्हतं. तो गुडघ्यात वाकला, काठ्यांच्या खालून पऱ्हाटीतून सरकावं तसा सरकला, उठला, दोरी तोडली, अन् हंडा काखेत मारून पळाला!

सारा तांडा उभा तसा राह्यला. सगळ्याइच्या आधी जमनाबाई ओरडली. "अवं, हा कसा पयते? याची कंबर कुठी गेली?" तिचा आवाज नवरा जिंकला म्हणून खुशीचा होता, का आजवर जोडे घालून देल्ले म्हणून रागाचा, ते तिलेही समजलं नसन.

रुपीबाईले तेव्हा समजलं. रोज मागून पऱ्हाटी वाजे ते रानडुक्कर नव्हतं. दोन महिने आपण आपल्या पायांनी आपलाच वैरी तयार केला. पण इचार कराले वेळ नव्हता. तांड्याचा कायदा असा का पुरी पोटात जात नाही तवर हंडा गेला असं म्हणत नाहीत. तिनं काठी आडवी धरली, फेटिया खोचला, अन् पळाली.

कशी पळाली म्हणता? डफवाल्याचा हात डफावरच थांबला. बसंतीबाईच्या कडेवरचं लेकरू रडाचं थांबलं. धावजी नायक फक्त एवढंच म्हणाला, "लदेणीतली पयते." वाटेतल्या कोंबड्या तिच्या बाजूनं उडत होत्या अन् मागं पडत होत्या, असं बिजलीबाई आजही सांगते, अन् बिजलीबाई रुपीबाईपेक्षा खरं बोलते.

फुलसिंग बळीरामच्या वावरात चिचेखाली थांबला. मागं कोणी येइन असं त्याच्या सपनातही नव्हतं. हंडा खाली ठेवला, पुरी काढली, तोंडात टाकली. अन् घोटाळा झाला. पुऱ्या बसंतीबाईनं आदल्या दिवशी तळल्या होत्या, रागानं मळलेल्या कणकेच्या. अन् फुलसिंगच्या तोंडात दात दोन, एक वर अन् एक खाली, अन् त्या दोघाइची भेट कधी झालीच नव्हती. तो पुरी या गालातून त्या गालात फिरवून राह्यला होता, तोच पाठीवर काठी बसली.

"थूक!" रुपीबाई म्हणे.

"गि... गियली," फुलसिंग पुरी तोंडात धरून बोलला.

बळीराम धुऱ्यावरून उठून आला. दोघंही त्याच्याकडं पाहू लागले. त्यानं फुलसिंगच्या फुगलेल्या गालाकडं पाह्यलं.

"गियली असन तं गालात काय आहे?" त्यानं इचारलं.

 फुलसिंगनं पुरी थुंकली. रुपीबाईनं हंडा डोक्यावर घेतला अन् तांड्यात परत आली, तेव्हा बायांनी अशी किलकारी मारली का ती लोहारा गावापर्यंत गेली असन. नातवाची धुंड झाली. त्याच्या डोक्यावर काठ्या वाजवून गाणी झाली, पुऱ्या वाटल्या. जमनाबाईनं तिची पुरी पाण्यात भिजवून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपीबाईनं डोळे उघडले, तं बाजेपुढं घागर.

"हे काय?"

"पान्याची घागर," बसंतीबाई म्हणे. तिचं तोंड भोळं होतं. "काल तू बळीरामच्या वावरापर्यंत पयाली. पान्याची हीर तं त्याच्या अल्याड आहे."

रुपीबाईनं गुडघ्यावर हात ठेवला, डोळे बारीक केले. "अवं माय वं. रातभर गुडघे असे ठणकून राह्यले का..."

"मंग काल पयाली ते कोन होतं?" धावजीनं कोपऱ्यातून इचारलं. "फुलसिंग तं सगळ्याइले सांगून राह्यला का भोजाई चालतच आली. तोच थांबला म्हणे, म्हातारीची कीव येऊन."

रुपीबाईचा हात गुडघ्यावरून उठला.

हे लय मोठं संकट होतं. गुडघे दुखतात म्हणावं, तं पळाली नाही असं होते, अन् फुलसिंगची गोष्ट खरी होते. पळाली म्हणावं, तं बाज जाते. सारी उमर मागून भेटलेली बाज. ती बाजेकडं पाहे, घागरीकडं पाहे.  बसंतीबाई सासूले चांगली ओळखे.

"कीव?" रुपीबाई म्हणे. "त्या दोन दातांच्याले माही कीव?" अन् तिनं घागर उचलली.

पयलंच दार फुलसिंगचं. तिथं ती थांबली अन् जमनाबाईले सारी गोष्ट सांगितली, कशी वळणावर तिनं त्याले गाठलं असतं, पण म्हटलं पळू दे बिचाऱ्याले जरा. तिथून बिजलीबाईकडं गेली. तिथल्या सांगण्यात फुलसिंग बळीरामचं वावर ओलांडून गेला होता. हिरीवर बाया होत्या, तिथं तो बाभुळगावच्या बजारातून पळाला अन् दुकानदारांनी दुकानं बंद केली.

दुपार झाली. घरी पाण्याचा थेंब नाही. बसंतीबाई दुसरी घागर घेऊन निघाली, तं म्हातारी हिरीवर उभी, घागर रिकामी, अन् फुलसिंग यवतमाळले पोचलेला.

"याडी, पानी?"

"आली वं. एवढं कळंबपर्यंत आनू दे त्याले परत."

पाणी बसंतीबाईनंच नेलं, रागारागानं, दोन खेपा करून. म्हणे, उद्या हिच्या हातात घागर देतच नाही.

पण उद्या सकाळी कोंबडा आरवाच्या आधी रुपीबाई घागर काखेत घेऊन दारात उभी होती. तांड्याच्या त्या टोकाची घरं अजून ऐकाची राह्यली होती, अन् ती लय लांब होती.